फास बसलाय याला

डिसेंबरातली गोष्ट आहे, रविवार होता आणि मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता. बेल वाजली, दारात वॉचमन काका. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कम्प्लेंट केली होती की वरच्या बाल्कनीतून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी गळतंय, तर सेक्रेटरींनी काकांना बघून यायला पाठवलं होतं. मी जरा ओशाळूनच त्यांना आत घेतलं, बाल्कनीचं सरकतं दार उघडलं आणि पाणी कुठून जातंय ते दाखवायला लागले, तर काकांचं लक्षच नव्हतं पाण्याकडे. ते टोमॅटोकडे बघत होते. माझे तीन टोमॅटो, ग्रो बॅगमध्ये लावलेले, कपडे वाळत घालायच्या हँगरच्या हुकांना दोऱ्या बांधून वर चढवलेले, तेव्हा साधारण पाच-साडेपाच फूट झाले होते आणि मला त्यांचा इतका अभिमान होता की घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बाल्कनीत नेत होते. मला वाटलं काका पण आता वा म्हणणार. काका खाली वाकले, कोपऱ्यातल्या झाडाच्या खोडाशी बोट नेलं आणि म्हणाले, "ताई, फास बसलाय याला."

मी वाकून बघितलं तर खरंच. ऑक्टोबरात खोड पेन्सिलीएवढं होतं तेव्हा मी निळ्या नायलॉनच्या दोरीने गच्च गाठ मारली होती, पडायला नको म्हणून, आणि नंतर वर वर बघत राहिले, फुलं आली का, फळ धरलं का, खाली काय चाललंय ते बघितलंच नाही. खोड अंगठ्याएवढं झालं होतं आणि ती दोरी सालीत रुतून गेली होती, वरच्या बाजूला खोड सुजल्यासारखं फुगलेलं, खालच्या बाजूला बारीक. काकांनी विचारलं सुतळी आहे का घरात. नव्हती. आमच्या घरात सेलोटेप तीन प्रकारची आहे, केबल टाय आहेत, सुतळी नाही. मग मी एक जुनी कॉटनची ओढणी आणली, काकांनी दाताने तिचा काठ तोडला, बोटभर रुंदीच्या पट्ट्या टराटरा फाडल्या, नायलॉन कापून काढला आणि पट्टीचा एक वेढा दोरीला, एक खोडाला, मध्ये पीळ, असं इंग्रजी आठासारखं काहीतरी करून तीन झाडं दोन मिनिटांत बांधली. खोडाभोवतीच्या वेढ्यात त्यांचं बोट आरामात फिरत होतं. जाता जाता पानांच्या बगलेतून निघालेले दोन-तीन फुटवे नखाने खुडले, "हे काढत जा," म्हणाले. तिसऱ्या मजल्याच्या पाण्याचं आम्ही दोघंही विसरलो होतो.

मला इतकं भारी वाटलं की मी लगेच आतून वाटी आणली. आदल्या दिवशीच पहिले चार टोमॅटो काढले होते, फोटोबिटो काढून झाले होते, कापायचा धीर होत नव्हता. म्हटलं काका हे घ्या, पहिलं फळ आहे, तुमच्याच हाती जाऊ दे. काका वाटीकडे बघून हसले, मान हलवली.

"नको ताई. मी टोमॅटो खात नाही."

आणि गेले. लिफ्ट असून जिन्याने गेले. मला दिवसभर ते वाक्य चिकटून राहिलं. इतक्या सराईत हाताने टोमॅटो बांधणारा माणूस टोमॅटो खात नाही? काका जुन्नरकडचे, ओतूरच्या पुढचं कुठलंतरी गाव, एवढं मला माहीत होतं. नारायणगावच्या पट्ट्यातला माणूस, शेती सोडून पुण्यात वॉचमन, टोमॅटो खात नाही. माझ्या डोक्यात गोष्ट तयारच व्हायला लागली.

माझं टोमॅटोप्रकरण सुरू झालं २०२३ च्या जुलैत. आठवतच असेल सगळ्यांना. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने पाव किलोचे चाळीस रुपये सांगितले आणि मी पाव किलो घेतले, मोजून चार आले, घरी येऊन फ्रीजमध्ये ठेवताना मला एकदम कोकम किती छान असतं वगैरे आठवायला लागलं. त्या महिन्यात आमच्याकडे आमटीत चिंच, भाजीत आमचूर, पावभाजी रद्द. व्हॉट्सॅपवर टोमॅटोच्या हारांचे जोक. नारायणगावच्या मार्केटला वीस किलोचं कॅरेट दोन हजाराच्या वर गेलं, कुणाकुणा शेतकऱ्याला कोटीत पैसे झाले अशा बातम्या, आणि मग ऑगस्टात नेपाळातून टोमॅटो. मी रागारागाने बी आणून लावलं. ऐन पावसाळ्यात. जो कोणी शेतीतला आहे तो इथे हसेल. करपा आला, जो वाचला त्याची पानं आक्रसून वाटीसारखी झाली, त्याला बोकड्या म्हणतात हे मला नंतर कळलं, पांढरी माशी पसरवते तो. सप्टेंबर संपता संपता एका झाडाला तीन फुलं आली आणि तोवर बाजारात टोमॅटो इतका पडला होता की शेतकरी रस्त्यावर ओतत होते. मी पंधरा रुपये किलोने विकत घेतले आणि झाड उपटलं.

पुढच्या वर्षी मात्र ऑगस्टच्या शेवटी बी टाकलं, पाऊस ओसरल्यावर रोपं बॅगेत लावली. खोल लावली, खालची पानं काढून निम्मं खोड मातीत, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं तिथून मुळं फुटतात. तुम्ही नीट बघितलं तर खोडावर बारीक बारीक पुटकुळ्या असतात, त्या मुळं व्हायची वाटच बघत असतात. हे मला फार आवडतं, का ते सांगता येणार नाही.

आता उभं का वाढवायचं. लोकांना वाटतं ही काहीतरी फॅशन आहे, इन्स्टावर बघून केलंय. आमची बाल्कनी आठ बाय चार, पूर्वेकडे तोंड, आणि तिला साडेतीन फुटाची भरीव भिंत आहे, वर ग्रिल. त्यामुळे ऊन येतं ते वरच्या वर. सकाळी साडेसातला समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून निघतं, आमच्या ग्रिलच्या वरच्या आडव्या पट्टीवर बसतं, हळूहळू खाली उतरतं आणि फरशीपर्यंत पोचायच्या आत, अकराच्या सुमारास, निघून जातं. खाली कुंडीत बसलेल्या कुठल्याही झाडाला ते मिळतच नाही. माझ्या बाबांच्या तोंडी श्री. अ. दाभोलकरांचं नाव फार असायचं, गणिताचा माणूस, प्रयोग परिवारवाले, तासगावच्या द्राक्षवाल्यांना पानं आणि ऊन मोजायला लावणारे. बाबा आमच्या गच्चीवर उभे राहून हवेत हात फिरवून सांगायचे, हे सगळं ऊन फुकट चाललंय बघ, पकडायला पानच नाही कुणाचं. तेव्हा मी हो हो करायचे. आता रोज सकाळी बाल्कनीत मी तेच हातवारे करते आणि नवरा हो हो करतो. तर ऊन वर होतं म्हणून टोमॅटो वर न्यावा लागला, एवढीच गोष्ट. एका झाडाला एकच शेंडा ठेवायचा, बाकी फुटवे काढायचे, आणि जसजसा शेंडा वाढेल तसा तो दोरीला पीळ देत गुंडाळायचा. दर दोन-तीन दिवसांनी. एकदा आम्ही चार दिवस कोल्हापूरला गेलो तर आल्यावर तिन्ही शेंडे दोरी सोडून समोरच्या बाजूला, ग्रिलच्या बाहेर डोकं काढून, बसच्या खिडकीतल्या पोरांसारखे.

खरं तर टोमॅटो वेल नाहीच. दोडक्याला, कारल्याला तणावे असतात, तो आपलं आपण धरून चढतो, रात्रीत कुठे पोचेल सांगता येत नाही, माझ्या दोडक्याने एकदा कपड्यांचा चिमटा धरला होता. टोमॅटोला तसला एकही हात नाही. त्याला सोडून दिलं तर तो पसरतो, जमिनीवर लोळतो, जिथे टेकेल तिथे मूळ सोडतो, आणि बहुतेक त्यातच तो सुखी असतो. उभं राहणं ही आपली इच्छा, त्याची नाही.

माझी आजी, वाईची, टोमॅटोला बेलवांगी म्हणायची. कुणी वेलवांगी म्हणतात. आमच्या शेजारी नागपूरकडच्या एक काकू आहेत, त्या भेदरं म्हणतात, आणि मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोण भेदरलं असं विचारलं होतं. तर आजी. तिच्याकडे न्हाणीघराच्या मागे मोरीचं पाणी जायचं तिथे अळू, कर्दळ, एक केळ आणि त्यांच्या पायात टोमॅटो असायचे, कुणी न लावलेले, भांड्यांच्या खरकट्यातून पडलेल्या बियांचे. कुणी बांधायचं नाही, फुटवे काढायचं तर नावच नको. अळूची पानं बाजूला केली की खाली चिखलाला टेकलेले, चपटे, घड्या पडलेल्या भोपळ्यासारखे टोमॅटो, एका बाजूने लाल आणि जमिनीकडच्या बाजूने पांढरट. त्यातला निम्मा गोगलगायींचा. उरलेला आम्ही फ्रॉकला पुसून तिथेच खायचो, मिठाची पुडी खिशात. ती आंबट चव अशी की कानामागे काहीतरी आकसायचं. चातुर्मासात मात्र आजी बेलवांग्याला शिवायची नाही. कांदेनवमीला कांद्यावांग्याचं जे काय खाऊन घ्यायचं ते घ्यायचं, मग वांगं बंद, आणि बेलवांगं म्हणजे वांगंच की, असं तिचं गणित. आम्ही तिला हसायचो. नंतर कळलं की झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये टोमॅटोला वांग्याच्याच वंशात, सोलॅनममध्ये घातलं होतं, मग मधल्या काळात शास्त्रज्ञांनी त्याचं घर वेगळं केलं, आणि आता परत सोलॅनम. म्हणजे आजी पहिल्यापासून बरोबर होती आणि तिने मधे पार्टी पण बदलली नाही.

फुटवे काढणं मला सुरुवातीला जमतच नव्हतं. पान आणि खोडाच्या बेचक्यातून तो निघतो, इतका टवटवीत, आईच्या काखेतून डोकं काढणाऱ्या पोरासारखा, आणि आपण त्याला नखाने चिमटायचं. यूट्यूबवरचा माणूस सांगतो, लहान असतानाच काढा, उशीर केलात तर जखम मोठी होते. मी उशीर करायचे. मग तो वीतभर व्हायचा, त्याला स्वतःच्या कळ्या यायच्या आणि मग तर काढवतच नाही. शेवटी मी तोडगा काढला, तोडलेले फुटवे पाण्याच्या ग्लासात ठेवायचे. आठ-दहा दिवसांत त्यांना पांढरी मुळं सुटतात. किचनच्या खिडकीत असे पाच ग्लास झाले, पाहुण्यांना पाणी द्यायला स्टीलचे भांडे काढावे लागले, आणि मग नवऱ्याने शांतपणे विचारलं की हे एकूण किती पर्यंत न्यायचं आहे. दोन कामवाल्या मावशींना दिले, एक नागपूरकर काकूंना, दोन मेले.

आणि तो वास. टोमॅटोच्या फळाला तो वास नसतो, पानाला असतो, हिरवा, उग्र, थोडा औषधासारखा. फुटवे खुडले की बोटं पिवळसर हिरवी होतात, मग काळपट, आणि हात धुवायला साबण लावला की फेससुद्धा हिरवट येतो. पहिल्यांदा मी घाबरले होते. खोडावरच्या बारीक लवेत तो चीक असतो. आता मला तो वास इतका सवयीचा झालाय की ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी हळूच बोटं नाकाशी नेते. कुणी बघितलं तर काय समजेल माहीत नाही.

फुलं आली आणि गळायला लागली तो एक आठवडा वाईट गेला. एका गुच्छात पाच-सहा पिवळी फुलं, सकाळी बघावं तर दोन फरशीवर, देठाशी मोडून पडलेली. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळ धरू शकतं, पण त्याचा पराग नळीत बंद असतो, मिठाच्या डबीत मीठ असतं तसा, हलवल्याशिवाय पडत नाही. उघड्या रानात वारा हलवतो, भुंगे हलवतात. मधमाशीला ते जमत नाही, तिला तो गुणगुणून थरथरवायचा प्रकार येत नाही. माझ्या बाल्कनीत वारा येतो तो पण ग्रिलमधून गाळून. मग मी रोज सकाळी नऊच्या सुमारास बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू गुच्छाच्या देठाला लावायला लागले. गुर्रर्र. बारीक पिवळी धूळ उडते, उन्हात दिसते. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी एकदा हे बघितलं आणि पेपर खाली घेऊन बराच वेळ बघत राहिले. जानेवारीत मात्र एकदा खराखुरा भुंगा आला, काळाभोर, निळी झाक असलेले पंख, चौथ्या मजल्यावर कसा काय आला कोण जाणे, आणि फुलाला लटकून त्याने जो आवाज काढला तो ऐकून मी टूथब्रश मागे लपवला.

हिशोब पण सांगून टाकते, कारण नवऱ्याने ठेवलाय. ग्रो बॅगा, कोकोपीटची वीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, बी, नायलॉनची दोरी (नंतर कापलेली), एक फवारणीची बाटली मिळून १,८४० रुपये. माती नागपूरकर काकूंनी दिली म्हणून फुकट. मार्चअखेर एकूण उत्पन्न सव्वाचार किलो. म्हणजे किलोला साधारण ४३३ रुपये. त्यातले सहा फळं बुडाशी काळी पडून गेली, चामड्यासारखा डाग, तो रोग नाही, पाणी कधी कमी कधी जास्त दिलं की झाडाला मातीतला कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत नेता येत नाही, त्याने होतं. कोल्हापूरच्या ट्रिपचा परिणाम. ती सहा फळं मी हिशोबात धरली, नवऱ्याने धरली नाहीत. भाव तोच ठरवतो म्हटल्यावर माझा शेतकरी झालाच की.

तर या सगळ्या काळात काका रोज गेटवर दिसत होते. आणि माझ्या डोक्यात त्यांची गोष्ट वाढत होती. नाशिक हायवेने जाताना मंचर, नारायणगाव, आळेफाट्याच्या आसपास टोमॅटोची शेतं दिसतात ती मी कित्येकदा बघितलीत, सरीवर चंदेरी मल्चिंग पेपर, बांबू रोवलेले, बांबूंवर तार, तारेला सुतळीने एकेक झाड बांधलेलं, लांबून बघितलं तर एखाद्या लग्नाचा मांडव घालून वऱ्हाड यायचं राहिलंय असं वाटतं. माझ्या तीन झाडांना बांधायला माझा रविवार जातो. तिथे एकरात हजारो झाडं, आणि एकदा बांधून होत नाही, झाड वाढेल तसं पुन्हा वरचं बांधायचं. त्या सगळ्याला भाव मिळाला नाही की आपण पेपरात फोटो बघतो, रस्त्याच्या कडेला लाल चिखल आणि त्यावर उभ्या गाई. तर माझ्या मनाने ठरवूनच टाकलं की काकांनी असा टोमॅटो स्वतःच्या हाताने ओतलाय, आणि त्या दिवसापासून तोंडाला लावला नाही. किती छान गोष्ट होती! खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात हा लेख पण लिहून ठेवला होता, शेवटच्या ओळीसकट. त्यात काकांचे डोळे पाणावत होते.

जानेवारीच्या शेवटी एकदा रात्री ऑफिसहून आले, काका शेकोटीपाशी बसलेले, मी गाडी लावून मुद्दाम थांबले. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलंच, काका एक विचारू का, राग नका मानू, तुम्ही टोमॅटो का खात नाही?

काका म्हणाले, "मुतखडा आहे ना ताई."

मला काही सुचेना. "डॉक्टरांनी बिया खाऊ नका सांगितलंय. टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं पण जरा जपून. लई कळा येतात हो, गेल्या दिवाळीत ॲडमिट होतो दोन दिवस." मी हो का, अरे बाप रे, पाणी भरपूर प्या असं काहीतरी बोलले. आतल्या आत मात्र मला चक्क निराश वाटलं आणि निराश वाटलं याची लगेच लाज पण वाटली. माणूस सांगतोय कळा येतात आणि मला वाईट कशाचं वाटतंय तर माझा शेवट बिघडला याचं.

"नाहीतर आम्ही टोमॅटोवरच वाढलो," काका म्हणाले. "तोडा चालू असला की दुपारी भाकरी आणि टोमॅटो. वर मीठमिरची. दुसरं कालवण कोण करणार तेव्हा, बायका पण रानातच." आणि मग न विचारता, अगदी सहज, शेवटचा टोमॅटो २०२० ला केला होता असं म्हणाले. वीस गुंठे. लॉकडाऊन लागला तेव्हा झाडं कमरेएवढी झाली होती. मग फळ आलं तर अर्धं लाल, अर्धं पिवळं, मध्ये हिरवे चट्टे. तिरंगा म्हणायला लागले लोक त्याला. तिकडे संगमनेर-अकोले भागात पण तेच. "टीव्हीवाल्यांनी उठवलं, नवीन व्हायरस आलाय टोमॅटोवर. आधीच तो कोरोना. व्यापारी हात लावंना." पुढे बंगळुरूला नमुने तपासले, झाडावरचा रोग निघाला, माणसाशी त्याचा काही संबंध नाही असं सगळ्यांनी सांगितलं, पण तोवर तोडे संपले होते. मधेच एक डिलिव्हरीवाला आला, काकांनी त्याला फ्लॅट नंबर विचारला, रजिस्टरमध्ये सही घेतली, पेन कानावर ठेवलं आणि परत जिथे थांबले होते तिथून सुरू झाले. मी विचारलं ओतून दिला का मग. "कुठं ओतायला जाता ताई, त्याला पण टेम्पोला पैसे लागतात. शेतातच राहिला. मेंढरं सोडली." एकवीसला पुण्यात आले. मी म्हटलं, अरेरे, दोनच वर्षं थांबला असतात तर तेवीसला... काका मोठ्याने हसले. "तेवीसला जमीन भाच्याकडं होती ना. त्यानं त्या साली कांदा केलता."

डोळे वगैरे काही पाणावले नाहीत. शेकोटीचा धूर माझ्याच डोळ्यात जात होता.

मी वर आले आणि बाल्कनीत लाईट लावून उगाच उभी राहिले. रात्री टोमॅटोची पानं जरा खाली झुकलेली असतात, दमल्यासारखी. ओढणीच्या पट्ट्या, गुलाबी बुट्ट्यांची ओढणी होती ती, माझ्या कॉलेजातली, खोडाभोवती सैल बसल्या होत्या. नायलॉन रुतलेल्या जागी झाडाने स्वतःच एक गाठ तयार केली होती, खरखरीत, खपलीसारखी. त्या झाडाने बाकी दोघांपेक्षा कमी फळं दिली का? मोजलं तर थोडी कमीच. पण कोपऱ्यातलं असल्यामुळे त्याला ऊनही कमी होतं, त्यामुळे नक्की काही म्हणता येत नाही.

मार्च संपता संपता उन्हाने रंग दाखवायला सुरुवात केली. पुण्यात पारा अडतीस-एकोणचाळीसला गेला की टोमॅटो फळ धरत नाही, फुलं वाळून पडतात, आणि जी फळं आहेत ती लाल न होता नारिंगी-पिवळी अडकून राहतात. शेंडे हुकापर्यंत पोचून परत खाली यायला लागले होते. खालची पानं पिवळी, त्यावर नागअळीची पांढरी नागमोडी रांगोळी. एका शनिवारी मी मन घट्ट करून तिन्ही झाडं काढली. वर हिरवे टोमॅटो निघाले अठरा, त्यांची चटणी केली, आजी करायची तशी, हिरवे टोमॅटो, हिरव्या मिरच्या, लसूण तेलावर चरचरीत परतून, दाण्याचं कूट, वरून मीठ आणि चिमूटभर गूळ, आणि तव्यावरच वाटीच्या बुडाने रगडून. घरभर ठसका. चटणी डबीत भरली, काकांकडे न्यावी म्हणून झाकण लावलं, आणि मग आठवलं. बियांसकट चटणी. डबी नागपूरकर काकूंकडे गेली.

मे महिन्यात काका आठ दिवस गावाला गेले होते, भाच्याने यंदा टोमॅटो लावलाय, उन्हाळी लागवड, बांधणीला माणूस मिळत नाही म्हणून. परत आले त्या दिवशी बेल वाजवून एक पिशवी दिली. आत सुतळीचा गुंडा, चांगला नारळाएवढा, धूळ बसलेला, एका बाजूने उंदराने थोडा कुरतडलेला.

"घरात सुतळी ठेवत जा ताई. ते निळं नका बांधू परत."

मी म्हटलं अहो भाच्याला लागेल की. तर म्हणाले त्याच्याकडे नवीन आहे, ही जुनी, माळ्यावर होती, २०२० ची उरलेली. "खालची बांधणी झाली होती, वरची राहिली." मी काय बोलायचं ते मला कळलं नाही, मी भाच्याचा टोमॅटो कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाले. भाव? "बघू." मग जाता जाता जिन्यातून परत वर आले, "बांधायच्या आधी भिजवून घ्या. जुनी आहे, हाताला कुसळं लागतील."

यंदा ऑगस्टला बी टाकलं. परवा पहिली बांधणी करायला बसले, दोन हात सुतळी कापली आणि चहाच्या मगात पाणी घेऊन त्यात बुडवून ओट्यावर ठेवली, आणि माती कालवायला बाल्कनीत गेले. आत आले तर नवरा मग हातात घेऊन, ट्यूबलाईटकडे धरून बघत उभा. पाणी तांबूस झालं होतं, अगदी फिक्या चहासारखं.

"हा कोरा चहा कुणाचा आहे? यात काहीतरी पडलंय."